कराड ते सोलापूर विमानाने किती वेळ? अंतर आणि उड्डाणवेळ स्वतः कसा काढायचा

अंतर मोजून देणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर कराड आणि सोलापूर ही दोन विमानतळांची नावं टाका. उत्तर येतं १९३ किलोमीटर, आणि त्याखाली उड्डाणाचा वेळ ४४ मिनिटांच्या आसपास. पहिला आकडा बरोबर आहे, दुसरा बहुतेक वेळा निरुपयोगी. अशी बरीच गणकयंत्रं सरसकट ताशी ५०० मैलांचा वेग धरतात आणि चढ-उताराची म्हणून ३० मिनिटं वर घालतात. कराडची धावपट्टी सुमारे १२८० मीटरची आहे. ताशी ५०० मैलांनी जाणारं प्रवासी जेट तिथे उतरतच नाही, म्हणजे ही ४४ मिनिटं कुठल्याच खऱ्या विमानाची नाहीत.

वैमानिकाचं प्रशिक्षण नुकतंच सुरू केलेल्यांना, एनसीसीच्या एअर विंगमधल्या मुलांना आणि नकाशात रमणाऱ्यांना हा हिशोब हाताने करता यावा म्हणून इथे एकच मार्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवला आहे. लागणारी साधनं मोजकी: कागद, पट्टी, कोनमापक आणि वर्गमूळ, साइन, कोसाइन, टॅन्जंट काढणारा कॅल्क्युलेटर.

पहिली पायरी: नेमके कुठले दोन बिंदू?

गावापासून गावापर्यंतचं अंतर आणि विमानतळापासून विमानतळापर्यंतचं अंतर यांत काही किलोमीटरचा फरक पडतो. कराडची धावपट्टी गावाबाहेर वारुंजीच्या बाजूला आहे. कोयना प्रकल्पाच्या काळात, १९५५ साली, ती बांधली गेली. सोलापूरचा चालू विमानतळ होटगी रस्त्यावर आहे. बोरामणीला नियोजित असलेला नवा विमानतळ ही वेगळी जागा, नकाशावर तिचा बिंदू पकडला तर गणित तिथेच चुकतं. सांगलीचं नाव टाकल्यावर काही ठिकाणी कवलापूरची जुनी धावपट्टी दिसते. तिथून प्रवासी विमानं सुटत नाहीत, तेव्हा अंतर काढायला हरकत नाही, तिकीट मात्र शोधू नका.

आपल्या दोन बिंदूंचे अक्षांश-रेखांश, जवळच्या मिनिटापर्यंत:

कराड: १७ अंश १७ मिनिटं उत्तर, ७४ अंश ०९ मिनिटं पूर्व
सोलापूर: १७ अंश ३८ मिनिटं उत्तर, ७५ अंश ५६ मिनिटं पूर्व

नवशिक्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच होते. १७ अंश १७ मिनिटं म्हणजे १७.१७ नव्हे. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून १७ भागिले ६०, म्हणजे ०.२८, आणि दशांशात १७.२८. ही गफलत केली तर कराडची धावपट्टी कागदावर एकदम १२ किलोमीटर दक्षिणेला सरकते. फोनवरचा नकाशा दशांशात आकडे देतो, हवाई तक्ते अंश-मिनिटांत देतात. दोन्हींची सरमिसळ करू नका.

दुसरी पायरी: अंतर

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानवाले नॉटिकल मैल वापरतात ते याच सोयीसाठी: नकाशाच्या उभ्या कडेवरची मिनिटं मोजली की अंतर हातात.

उत्तर-दक्षिण फरक: ३८ वजा १७ = २१ मिनिटं, म्हणजे २१ नॉटिकल मैल.

पूर्व-पश्चिम फरक: ७५ अंश ५६ मिनिटांतून ७४ अंश ०९ मिनिटं वजा केली की १ अंश ४७ मिनिटं, म्हणजे १०७ मिनिटं. पण रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येतात, म्हणून रेखांशाचं मिनिट विषुववृत्त सोडलं की नॉटिकल मैलापेक्षा लहान भरतं. त्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. आपल्या पट्ट्यात, साडेसतरा अंशांवर, कोसाइन ०.९५४. म्हणून १०७ गुणिले ०.९५४ = १०२ नॉटिकल मैल.

आता शाळेतला काटकोन त्रिकोण. २१ चा वर्ग ४४१, १०२ चा वर्ग १०४०४. बेरीज १०८४५, वर्गमूळ १०४. कराड ते सोलापूर १०४ नॉटिकल मैल, म्हणजे १९३ किलोमीटर. पृथ्वी गोल आहे म्हणून अवघड सूत्र वापरावं लागेल अशी भीती इथे नको. दोनशे किलोमीटरच्या आत सपाट त्रिकोण आणि गोलावरचा मार्ग यांतला फरक तुमच्या पेन्सिलीच्या रेघेपेक्षा लहान असतो.

एक सावधगिरी: याच अंतराला रस्त्यावरचे मैल म्हटलं तर ते १२० होतात. कुणी नुसतं 'मैल' लिहिलं असेल तर कुठले ते विचारा. १२० हे नॉटिकल समजून पुढे गेलात तर वेळ आठ-नऊ मिनिटांनी फुगतो. उलट दिशेने चुकलात तर वेळ आणि इंधन दोन्ही कमी धराल, आणि ती चूक जास्त वाईट.

तिसरी पायरी: दिशा आणि जमिनीवरच्या खुणा

१०२ भागिले २१ याचा टॅन्जंट उलटा केला की ७८ अंश. म्हणजे पूर्वेला, किंचित उत्तरेकडे. खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक आपल्याकडे फार छोटा आहे, एखाद्या अंशाच्या आसपास. तरी तो चालू तक्त्यावरून वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

रेघ ओढली की तिच्याखाली काय येतं ते पाहा. हा मार्ग शिकायला फार चांगला आहे, कारण खुणा रेघेवर किंवा रेघेच्या अगदी काठाला आहेत. विटा साधारण दहा किलोमीटर उजवीकडे राहतं आणि मायणी तेवढंच डावीकडे. म्हणजे दोन्हींच्या मधोमध असाल तर रेघेवर आहात. मग आटपाडी जवळजवळ पोटाखाली, सांगोला उजव्या हाताला पाचेक किलोमीटरवर, मंगळवेढाही उजवीकडे पण त्याहून जवळ. आटपाडीनंतर माणगंगेचं पात्र बराच वेळ सोबत करतं. उन्हाळ्यात ते कोरडं असलं तरी वाळूची फिकट रेघ वरून ओळखू येते. मंगळवेढ्यानंतर भीमा ओलांडायची, पुढे सोलापूर.

कराडपासूनची अंतरं अशी: आटपाडी ४६ नॉटिकल मैल, सांगोल्याच्या बाजूला ६०, मंगळवेढ्याच्या बाजूला ७५, सोलापूर १०४. हे आकडे नकाशावर रेघेच्या शेजारीच लिहून ठेवा. हवेत बेरजा करायला वेळ मिळत नाही.

साठला एकचा नियमही इथेच पाठ करा: एक अंश दिशा चुकली तर ६० नॉटिकल मैलांवर एक नॉटिकल मैल बाजूला जाता. सांगोला नेमकं ६० वर आहे. तिथे तुम्ही रेघेपासून चार नॉटिकल मैल बाजूला असाल, तर तुमची दिशा चार अंशांनी चुकली होती. गणित करावंच लागत नाही.

चौथी पायरी: वेग, पण कुठला?

उदाहरणाला चार आसनी सेसना १७२ घेऊ, प्रशिक्षण संस्थांमध्ये ते सर्रास दिसतं. काट्यावर दिसणारा वेग आणि हवेतला खरा वेग वेगळे असतात. वर हवा विरळ असते, म्हणून दर हजार फुटांना खरा वेग काट्यापेक्षा साधारण दोन टक्के जास्त धरायचा. ५५०० फुटांवर काटा १०० नॉट, म्हणजे ताशी १०० नॉटिकल मैल, दाखवत असेल तर खरा वेग ११० च्या आसपास.

५५०० हा आकडाही मनाने घेतलेला नाही. चुंबकीय दिशा ० ते १७९ अंश असेल तर नजरेच्या नियमांनी, म्हणजे बाहेर पाहत, उडणारी विमानं विषम हजार अधिक ५०० फुटांवर जातात, उलट दिशेची सम हजार अधिक ५०० वर. म्हणून जाताना ५५००, येताना ६५०० किंवा ४५००. समोरासमोर येणारी दोन विमानं एका उंचीवर राहू नयेत, एवढ्यासाठी हा नियम आहे.

वारा नसेल तर १०४ भागिले ११०, म्हणजे ५७ मिनिटं. खुणांचे वेळ: आटपाडी २५ मिनिटं, सांगोला ३३, मंगळवेढा ४१.

पाचवी पायरी: वारा

विमान हवेत पोहतं आणि हवा स्वतः सरकत असते. जमिनीवर तुम्ही किती पुढे गेलात ते दोन्हींच्या बेरजेवर ठरतं.

समजा पश्चिमेचा, २६० अंशांवरून येणारा वारा २० नॉट आहे. आपला मार्ग ७८ चा, म्हणजे वारा जवळजवळ थेट पाठीवर. जमिनीवरचा वेग १३०, वेळ ४८ मिनिटं. परतताना तोच वारा तोंडावर: वेग ९०, वेळ ६९ मिनिटं. आता बेरीज करा. शांत हवेत येणं-जाणं ११४ मिनिटांचं होतं, वाऱ्यात ११७ झालं. 'जाताना मिळालं, येताना गेलं, फिटंफाट' असं होत नाही. तोंडावरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ काढता, म्हणून तोटा नफ्यापेक्षा नेहमी मोठा. वारा जितका जोराचा, तितका हा फरक वाढतो.

वारा तिरका असला की आणखी एक गोष्ट करावी लागते. ईशान्येकडून, ४० अंशांवरून १५ नॉटचा वारा घ्या. मार्ग आणि वारा यांतला कोन ३८ अंश. समोरचा भाग १५ गुणिले कोसाइन ३८, म्हणजे १२ नॉट. आडवा भाग १५ गुणिले साइन ३८, म्हणजे ९ नॉट. आडवा वारा विमान उजवीकडे ढकलतो. तो किती अंश, ते ९ भागिले ११० गुणिले ६० करून काढा: ५ अंश. म्हणून नाक ७८ ऐवजी ७३ वर धरायचं. जमिनीवरचा वेग ९८, वेळ ६४ मिनिटं.

नाक वाऱ्याकडे वळवायचं, वाऱ्यापासून दूर नाही. वाचताना हे उघड वाटतं, तरी घाईत उलट वजाबाकी-बेरीज होते. सोपी परीक्षा: वारा डाव्या गालावर येत असेल तर आकडा कमी झाला पाहिजे.

आणि अंदाजातला वारा हा अंदाजच. आटपाडीला २५ मिनिटांऐवजी २९ व्या मिनिटाला पोचलात तर जमिनीवरचा वेग ९५ आहे हे तिथेच कळतं. सोलापूरचा वेळ लगेच नव्याने काढा: ६६ मिनिटं. खुणा नोंदवायच्या त्या याच कामासाठी.

सहावी पायरी: उड्डाणवेळ आणि एकूण वेळ

५७ मिनिटं ही फक्त सरळ रेघेवरची. कराड सुमारे १९०० फुटांवर आहे. तिथून ५५०० ला चढायचं म्हणजे ३६०० फूट. मिनिटाला ६०० फुटांनी सहा मिनिटं, आणि त्या वेळात पुढे जाण्याचा वेग ८० नॉटच. एप्रिलच्या दुपारी चढ मिनिटाला ४०० फुटांवर येतो आणि तीच चढाई नऊ मिनिटांची होते. वेग कमी असल्याने यात दोन-तीन मिनिटं जास्त जातात. इंजिन सुरू करणं, तपासण्या आणि धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं यांची दहा मिनिटं. सोलापूरला चक्कर घेऊन उतरायला पाच, थांब्यापर्यंत पाच. एकूण ७९ मिनिटं. इंजिन सुरू केल्यापासून चाक थांबेपर्यंतचा हा वेळ. प्रवासी तिकिटावर छापलेला वेळही याच जातीचा असतो, म्हणून एटीआरसारखं पंख्याचं प्रवासी विमान ४० मिनिटांत जे अंतर कापतं त्याला तिकिटावर तासभर दाखवलेला असतो.

सातवी पायरी: इंधन, आणि इथे घाई नको

तासाला ३५ लिटर धरा. ७९ मिनिटांचे ४६ लिटर. छोट्या विमानतळावर अ‍ॅव्हगॅस, म्हणजे अशा छोट्या विमानांचं पेट्रोल, मिळेलच असं कधीही गृहीत धरू नका. म्हणून परतीचंही सोबत: ९२ लिटर. वाऱ्याचा तोटा आणि इतर चढउतार यांसाठी दहा टक्के: आणखी ९. परत आल्यावर कराडला उतरता आलं नाही, ढग खाली आले किंवा धावपट्टीवर जनावर आलं, तर कोल्हापूर गाठायला ३८ नॉटिकल मैल, २१ मिनिटं, १२ लिटर. त्यावर ४५ मिनिटांचा हात न लावायचा साठा: २६ लिटर. एकूण १३९.

सेसना १७२ च्या जुन्या काही प्रकारांत वापरता येणारं इंधन १४४ लिटर असतं, नव्या आर आणि एस प्रकारांत सुमारे २००. म्हणजे नव्या विमानात हा फेरा आरामात होतो. जुन्यात पाच लिटर उरतात, जेमतेम आठ-नऊ मिनिटांचं उड्डाण. तेव्हा जुन्या टाकीवर सोलापूरची इंधनाची सोय आधी फोन करून पक्की करा, नाहीतर मार्ग बदला. आणि टाक्या पूर्ण भरल्या की मागच्या सीटवरच्या दोन मोठ्या माणसांचं वजन बसेलच असं नाही. वजनाचा तक्ता भरल्याशिवाय कुणाला 'चल' म्हणू नका.

आठवी पायरी: धावपट्टी पुरते का?

अंतर आणि वेळ जमले तरी उडता येतं असं नाही. कराडच्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश असायला हवं. एप्रिलात ४० असतं. फरक २९ अंशांचा, दर अंशाला १२० फूट, म्हणजे सुमारे ३५०० फूट. ते १९०० मध्ये मिळवा: विमानाला वाटतं आपण ५४०० फुटांवरून उडतोय. पंखांना हवा विरळ, इंजिनाला श्वास कमी, पंख्याची पकड सैल. उड्डाणाला लागणारी लांबी समुद्रसपाटीच्या थंड हवेच्या मानाने दीडपटीच्याही वर जाते. १२८० मीटर सेसनाला तरीही पुरतात, पण सकाळी आठच्या आत उडणं आणि दुपारी दोनला उडणं यांत फार मोठा फरक आहे. पूर्ण वजनाच्या एटीआर ७२ ला थंड हवेत, समुद्रसपाटीवरच तेराशे मीटरच्या आसपास लांबी लागते. कराडला तिची सेवा सुरू होण्याआधी धावपट्टी वाढवण्याचा विषय का येतो, ते यावरून समजेल.

आजूबाजूचे अडथळेही बघावे लागतात. सोलापूरच्या विमानतळाजवळची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. धावपट्टी तीच होती, पण तिच्यावर उतरण्याच्या मार्गात चिमणी उभी होती.

हीच रीत दुसऱ्या जोड्यांना

कराड–कोल्हापूर करून पाहा. कोल्हापूर १६ अंश ४० मिनिटं, ७४ अंश १७ मिनिटं. उत्तर ३८ नॉटिकल मैल, ७० किलोमीटर यायला हवं. रस्त्यानेही जवळजवळ तेवढंच आहे, कारण महामार्ग सरळ दक्षिणेला जातो. इथे विमानाने वेळ वाचत नाही, सरावाला मात्र मार्ग उत्तम: महामार्ग सतत नजरेत राहतो.

कराड–रत्नागिरी हा त्याच्या उलट. रत्नागिरी १७ अंश ०१ मिनिट, ७३ अंश २० मिनिटं. अंतर अवघं ५० नॉटिकल मैल, ९२ किलोमीटर. आकडा सोलापूरच्या निम्म्याहून कमी, मार्ग कितीतरी अवघड. मध्ये सह्याद्रीची धार आहे, तिच्यावर पश्चिमेचा वारा आदळून वर चढतो आणि अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, खाली कोसळतो. कराडकडून धारेकडे जाताना विमान आपोआप उंची गमावू लागतं, ते यामुळे. धार येण्याआधी पुरेशी उंची गाठून ठेवा आणि तिच्याकडे तिरके जा, म्हणजे परत फिरायला अर्धंच वळण पुरतं. पावसाळ्यात माथा ढगात असतो, तेव्हा नजरेच्या नियमांनी हा मार्ग बंदच समजा. शिकताना आधी सोलापूर, मग कोल्हापूर, आणि रत्नागिरी शिक्षक शेजारी असतानाच.

प्रवाशांसाठी: सांगली आणि साताऱ्याचा हिशोब

तिकीट काढून जाणाऱ्यालाही हाच हिशोब, फक्त तुकडे वेगळे. कोल्हापूर ते मुंबई हवेतून १६७ नॉटिकल मैल, ३०९ किलोमीटर, तिकिटावर तासाभराचं. सांगलीहून उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, पोचायला सव्वा तास धरा. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचा. मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा ते पाऊण तास, पुढे शहरात तास. बेरीज पाच ते साडेपाच तास. रस्त्याने सात-आठ लागतात, तेव्हा सांगली-मिरजकरांना विमान खरोखर उपयोगी पडतं. सातारकरांचं गणित वेगळं. त्यांना उजळाईवाडी गाठायलाच दोन तासांच्या वर जातात आणि मुंबई रस्त्याने पाच तासांवर. मुंबईसाठी साताऱ्याहून कोल्हापूरला उलटं जाऊ नका. दिल्ली-बेंगळुरूसारख्या लांबच्या प्रवासाला पुणे गाठा, ते १२० किलोमीटरच्या आसपास आहे. फक्त पुण्यातली वाहतूक एक ते दीड तास खाते, तो वेळ मोकळेपणाने धरा.

छोट्या विमानतळांचं वेळापत्रक बारा महिने एकसारखं राहत नाही. ते हंगामागणिक बदलतं, आणि दिवसाला एकच फेरी असेल तर ती रद्द झाल्यावर दुसरं विमान नसतं. कोर्टाची तारीख, परीक्षा किंवा परदेशी विमान पकडायचं असेल तर आदल्या दिवशीच निघा.

उडणाऱ्यांनी निघण्यापूर्वी

उड्डाण योजनेत वेळ जागतिक प्रमाणात लिहायचा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. सकाळी दहाचं उड्डाण ०४३० असं लिहितात. पहाटे पाचला निघणार असाल तर वजाबाकी आदल्या दिवसात जाते, २३३०, आणि तारीखही आदलीच टाकावी लागते. ही तारीख चुकली की योजना सापडत नाही आणि परवानगी अडते. हवाई दलाकडून मिळणारा एडीसी (हवाई संरक्षण परवानगी) क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक हातात आल्याशिवाय चाक हलवू नका. कराडला नियंत्रण मनोरा आहे असं धरून चालू नका. उतरण्याआधी धावपट्टीवरून एक चक्कर घ्या, वाऱ्याची पिशवी आणि जनावरं पाहा. परतीची चाकं सूर्यास्ताच्या निदान तासभर आधी टेकतील असा वेळ बांधा, आणि तो सोलापूरहून उलट मोजत या: सूर्यास्तातून एक तास वजा, त्यातून परतीची एकूण मिनिटं वजा. जो वेळ येईल त्याच्या पुढे सोलापुरात इंजिन सुरू करायचं नाही.